कुंडी उचलून बघा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत रविवार, 19 जानेवारी 2025 रोजी गच्चीवर केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडी काटछाट केली आहे.)



सेक्रेटरीसाहेब मला म्हणाले, "काका, तुम्ही बँकेतले. तुम्ही गुंतवणुकीवर बोला." मी म्हटलं, मुदत ठेवीचे व्याजदर तुम्हाला मोबाइलवर माझ्या आधी कळतात, आणि बाकीच्या गुंतवणुकीवर बोलून उद्या लिफ्टमध्ये कुणाला तोंड दाखवू? मी झाडांवर बोलतो. त्यावर ते जरा गप्प झाले. साहजिक आहे. पंचवीस वर्षांत आपल्या जेवढ्या वार्षिक सर्वसाधारण सभा झाल्या, त्यातल्या निम्म्या सभांत तरी गच्चीवरच्या कुंड्या आणि वरच्या मजल्याची गळती हा विषय निघालाय. आज मी तो काढणार नाही. निदान मुद्दाम काढणार नाही.

माझा विषय आहे, ऊबदार प्रदेशातली नाजूक झाडं थंडीतून कशी पार पाडायची. तुम्ही म्हणाल, स्वारगेटला कसली आलीय थंडी? चारी बाजूंनी डांबर, काँक्रीट, एस.टी.च्या गाड्या. खरं आहे. पाषाणला स्वेटर घालतात तेव्हा आपण पंखा एकवर ठेवतो. पण पुण्याला थंडी नाही असं समजू नका. 17 जानेवारी 1935 ला पुण्यात 1.7 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं. परवाच त्याला नव्वद वर्षं झाली. आणि ज्या झाडाचा जन्म ब्राझीलच्या जंगलातला आहे त्याला मरायला 1.7 कशाला लागतंय, दहा-अकरा अंशांतसुद्धा ते हातपाय गाळतं.

आधी आपल्या घरातली एक गोष्ट सांगतो. चार-पाच वर्षांपूर्वी डिसेंबरात गच्चीची साफसफाई झाली. कमिटीने बोलावलेल्या माणसाने माझ्या सहा कुंड्यांतली माती एका पोत्यात ओतली आणि रिकाम्या कुंड्या एकात एक घालून ठेवल्या. मी विचारलं तर म्हणाला, "काका, त्यात काही नव्हतं, नुसती माती होती." त्या मातीत काय होतं? दोन कुंड्यांत कॅलेडियमचे कंद, एकीत भुईचाफा, एकीत मे महिन्यात लाल चेंडूसारखं फूल येतं ती लिली आणि दोन्हींत ओली हळद. सगळी झोपलेली. पोतं मी परत मिळवलं आणि चाळणीने माती चाळून कंद शोधले. बी विंगमधल्या काही मंडळींनी तो सोहळा पाहिलेला आहे, ते आत्ता हसतायत.

त्या माणसाला मी बोललो नाही. कारण झोपलेलं झाड आणि मेलेलं झाड यातला फरक न कळून मी त्याच्यापेक्षा फार मोठं नुकसान करून बसलो होतो. ते पुढे सांगतो. पण ते का झालं हे कळायला तुम्हाला आधी माझ्याबरोबर रावेरला यावं लागेल.

1984 साली माझी बदली जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या एका शाखेत झाली. पुण्यात वाढलेला बी.कॉम. झालेला माणूस. केळं मला फक्त डझनावर माहीत. तिथे गेल्यावर कळलं की अख्ख्या तालुक्याचं पासबुक केळीवर चालतं. लागवडी दोन. जून-जुलैतला मृगबाग आणि दिवाळीच्या आसपासचा कांदेबाग. आम्ही पीककर्ज द्यायचो आणि घड कापून माल गेला की वसुली. कागदावर सरळ हिशेब होता. त्यात थंडीचा कॉलम नव्हता.

केळ हे मुळात उष्ण आणि दमट हवेतलं झाड. त्याला एरवी आठ-दहा दिवसांत एक नवं पान येतं. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की त्याच पानाला पंधरा-वीस दिवस लागतात. पानं पिवळी पडतात, कडा करपतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ज्या झाडाच्या पोटात घड तयार आहे त्याचा घड बाहेर यायलाच धजत नाही, मध्येच अडकतो. तिकडे घड बाहेर पडण्याला निसवण म्हणतात. निसवण लांबली की माझी वसुली लांबायची आणि विभागीय कार्यालयातून मला पत्र यायचं. त्या पत्राला मी एकदा उत्तर लिहिलं होतं की "बागेस थंडी वाजत असल्याने हप्ता लांबला आहे." ते वरच्या साहेबांना आवडलं नाही.

तर तिथे एका जानेवारीत एक खातेदार मला रात्री अकरा वाजता बाग बघायला घेऊन गेले. मोटारसायकलवर मागे बसून, कानाला मफलर, दात वाजतायत. बांधावर, वारा येतो त्या बाजूला, ओल्या-सुक्या पाल्याच्या शेकोट्या पेटवलेल्या होत्या. त्यांचा धूर बागेत खाली पसरून राहिला होता. कडेने शेवरीची दाट रांग होती, ती गार वारा अडवायला. घडांवर पिशव्या घातलेल्या. आणि मोटार चालू होती, बागेत पाणी खळखळत होतं. मी म्हटलं, "अहो, एवढ्या थंडीत वर आणखी गार पाणी?" ते म्हणाले, "साहेब, हात घालून बघा." मी पाटात हात घातला. पाणी कोमट होतं. विहिरीतलं, जमिनीच्या पोटातलं पाणी. बाहेरची हवा सात-आठ अंश, आणि ते पाणी अंघोळीला चालेल असं. ते म्हणाले, "हे बागेचं पांघरूण आहे."

यात शास्त्र आहे. ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा जास्त उष्णता धरून ठेवते आणि रात्रभर हळूहळू सोडते. पहाटेचे तीन-चार तास हेच धोक्याचे असतात. तेवढे निभावले की सूर्य आपला आहे. निफाडकडचे द्राक्षवाले थंडीच्या लाटेत हेच करतात, बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे पाणी सोडतात, नाहीतर मणी तडकतात. आता तर केळीच्या हवामानावर आधारित विम्यात कमी तापमान हा एक निकषच आहे, सलग तीन दिवस आठ अंश किंवा त्याखाली. आमच्या वेळी असा विमा नव्हता. आमच्या वेळी ते पाणी आणि तो धूर.

मी तिथे तीन हिवाळे काढले. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की घेऊन आलो की थंडीत झाडाला पाणी द्यावं, ऊब द्यावी, खाऊपिऊ घालावं.

आता एकदम 2011 साली, अमेरिकेत, न्यू जर्सीमधल्या एडिसनला. आपल्या सोसायटीतली निम्मी मुलं त्या बाजूला आहेत, त्यामुळे गाव नवीन नाही. आमच्या मुलीच्या बाळंतपणासाठी माझी पत्नी सहा महिने तिकडे गेली. तुमच्यातले बरेच जण तिला काकू किंवा वहिनी म्हणायचे. तिला फोडणीत कढीपत्ता नसला तर आमटी केल्यासारखी वाटायची नाही. तिथल्या इंडियन स्टोअरमध्ये मिळतो, पण दहा-बारा पानांचे पैसे ऐकून ती तो डबीत दागिन्यासारखा ठेवायची. तेव्हा दोन घरं पलीकडे राहणाऱ्या एका तमिळ मामींनी त्यांच्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी फुटलेलं एक पिल्लू मुळासकट काढून हिला कुंडीत लावून दिलं.

इथे मध्येच एक सांगतो, कारण कुणीतरी नंतर विचारणारच की इथून रोप का नेलं नाही. नेता येत नाही. आणि लपवून नेऊ नका. कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्या कुळातला. त्याच्यावर सिट्रस सिल्ला नावाचा बारीक किडा येतो आणि तो संत्र्या-मोसंबीच्या झाडांत ग्रीनिंग नावाचा रोग पसरवतो. त्याला इलाज नाही, झाड हळूहळू जातं. फ्लोरिडात हा किडा 1998 मध्ये सापडला, 2005 मध्ये रोग सापडला आणि तिथल्या संत्र्याच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. आपल्या नागपूरकडच्या संत्रा बागाइतदारांनाही हा सिल्ला चांगला माहीत आहे. म्हणून विमानतळावर बॅगेतला कढीपत्ता काढून घेतात तेव्हा तो अधिकारी खडूस नसतो, तो त्याच्याकडच्या बागाइतदारांची राखण करत असतो. मी स्वतः आयुष्यभर के.वाय.सी. मागणारा माणूस, मला त्याचा राग येत नाही.

तर ते पिल्लू वाढलं. हिच्या पुढे तिकडे तीन फेऱ्या झाल्या. दर फेरीत ते थोडं उंच व्हायचं. उन्हाळ्यात घरामागच्या लाकडी ओट्यावर, म्हणजे त्यांच्या डेकवर. तिथे जूनमध्ये दिवस पंधरा तासांचा असतो, त्यामुळे कढीपत्ता नुसता माजतो. हिवाळ्यात आत, हॉलमधल्या दक्षिणेच्या खिडकीपाशी. ही इकडे असताना मुलगी व्हिडिओ कॉलवर झाड दाखवायची. मी त्या वेळी पेपर वाचत असायचो. हिने काय सांगितलं, मुलीने काय केलं, याकडे माझं लक्ष नव्हतं. हे कबूल केलं पाहिजे.

2017 मध्ये ही गेली. 2018 च्या दिवाळीनंतर मुलीने मला सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. झाड तोपर्यंत माझ्या छातीपर्यंत आलं होतं, चाकांच्या पाटावर मोठ्या कुंडीत. मुलगी आणि जावई सकाळी कामावर, नात शाळेत. घरात मी आणि ते झाड. डिसेंबर लागला तशी त्याची पानं पिवळी पडून गळायला लागली. रोज सकाळी खाली पंधरा-वीस पानं. मी ती गोळा करायचो आणि माझ्या पोटात कालवाकालव व्हायची. हिने लावलेलं झाड माझ्यासमोर चाललंय असं मला वाटलं.

मी रावेर सुरू केलं. रोज तांब्याभर पाणी, तेही कोमट करून. झाड खिडकीपासून हलवून जिथे जमिनीतून हीटरची गरम हवा येते त्या जाळीजवळ नेलं. दुकानातून पातळ खत आणलं, दर आठवड्याला घातलं. रात्री वरून प्लास्टिकची मोठी पिशवी. मुलीने एकदा विचारलं, "बाबा, एवढं पाणी?" मी तिला केळीचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. ती गप्प बसली. बाप दुःखात आहे, काहीतरी करतोय, करू दे, असं तिला वाटलं असणार.

जानेवारीत दोन फिकट फुटवे आले आणि मला आनंद झाला. ते आठ दिवसांत टोकाकडून काळे पडले. मातीला आंबूस वास यायला लागला. बारीक काळी चिलटं उडायला लागली. फेब्रुवारीत खोडाची साल सुरकुतली. नखाने थोडी खरवडली तर आत हिरवं नाही, तपकिरी. जावयाने आणि मी कुंडी आडवी करून माती काढली. मुळं काळी, मऊ, हातात धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून यायची. थंडीने नव्हे. त्या घरात एकही दिवस एकोणीस अंशांच्या खाली गेला नव्हता.

सात वर्षांची नात शेजारी उभी होती. तिने विचारलं, "आजोबा, ते झोपलं होतं ना? आजी म्हणायची, विंटरमध्ये त्याला उठवायचं नाही." मुलीने एवढंच म्हटलं, "बाबा, असू दे. दुसरं आणू." ते "असू दे" मला अजून ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी मी मामींकडे गेलो. त्या हसल्या नाहीत. कॉफी दिली. म्हणाल्या, अमेरिकेत आल्यावर पहिल्या काही वर्षांत त्यांनी तीन झाडं अशीच घालवली होती. मग मला त्यांच्या झाडापाशी नेलं. ते चांगलं पाच फुटी, पण शेंड्याला मोजून नऊ-दहा पानं. मला आमचं झाड याहून बरं होतं असं वाटून गेलं. त्या म्हणाल्या, "उचला कुंडी." मी म्हटलं, मला कशी उचलणार? "पूर्ण नको, एका बाजूने उचलून बघा." उचलली. अगदी हलकी. त्या म्हणाल्या, "आता पाणी. हलकी झाल्याशिवाय नाही." त्यांच्या घरात हिवाळ्यात पाण्याची पाळी बारा-पंधरा दिवसांनी येते. वरची माती कोरडी दिसते त्यावर जाऊ नका, आत ओल असते. कुंडीचं वजन खोटं बोलत नाही. पासबुक वरून कितीही छान असलं तरी आपण शिल्लक बघतो, तसं.

मी पिल्लू मागितलं. म्हणाल्या, "आत्ता नाही. मे महिन्यात."

माझी चूक काय झाली ते मला नंतर नीट उमगलं, आणि आज बोलायला उभा राहिलो ते एवढ्यासाठीच. रावेरला धोका थंडीचा होता आणि तो पहाटेच्या चार तासांचा होता. जमीन मोकळी, पाणी दिलं तर खाली निचरून जायचं, सकाळी लख्ख ऊन, झाड ते पाणी ओढून घ्यायचं. एडिसनच्या हॉलमध्ये थंडी नव्हतीच. तिथे धोका अंधाराचा होता आणि तो चार महिन्यांचा होता. डिसेंबरात आपल्याकडे अगदी लहान दिवस म्हटला तरी अकरा तासांचा असतो, तिकडे सव्वानऊ तासांचा, त्यात अर्धे दिवस ढगाळ. उजेड नाही म्हणजे झाडाची चूल बंद. चूल बंद म्हणून त्याने पानं टाकून दिली, म्हणजे खर्च कमी केला. पानं नाहीत म्हणजे पाणी ओढणार कोण? मी ओतलेलं पाणी कुंडीतच साठून राहिलं. मुळांनाही हवा लागते, ती मिळेना. मुळं गुदमरली आणि मग बुरशीने कुजली. वर खत आणि गरम वारा. उठ, जेव, म्हणून झोपलेल्या माणसाला मी हलवून हलवून मारलं.

युरोपातल्या राजेरजवाड्यांच्या माळ्यांना हे साडेतीनशे वर्षांपूर्वी माहीत होतं. संत्र्याची झाडं म्हणजे आपल्या कढीपत्त्याची भावंडं, ती तिकडच्या बर्फात जगत नाहीत. म्हणून पॅरिसजवळ व्हर्सायच्या राजवाड्यात त्यांच्यासाठी 1684 ते 1686 मध्ये एक भलीमोठी दगडी इमारत बांधली, ऑरेंजरी. झाडं लाकडी खोक्यांत लावलेली. ऑक्टोबरात खोकी आत, मे महिन्यात बाहेर. अजूनही तो क्रम चालू आहे. आत उन्हाळा करायचा नाही, नुसतं गोठू द्यायचं नाही, जाड भिंती आणि दक्षिणेकडच्या उंच खिडक्या एवढ्यावर भागायचं. पुढे लोखंड आणि काच स्वस्त झाल्यावर इंग्रजांनी काचेचे महाल उभे केले. लंडनच्या क्यू बागेतलं पाम हाउस 1844 ते 48 चं, त्यात मात्र बॉयलर लावून खरोखर विषुववृत्त केलं. आपल्याला बॉयलर परवडत नाही, सोसायटी परवानगीही देणार नाही. म्हणून आपण ऑरेंजरीवाले.

मे 2019 मध्ये मामींनी शब्द पाळला. मी तोपर्यंत परत आलो होतो. लेकीने पिल्लू लावलं. 2022 च्या नवरात्रात मी पुन्हा गेलो आणि त्या हिवाळ्यात ते झाड माझ्या ताब्यात होतं. ज्यांची मुलं थंड मुलखात आहेत त्यांच्यासाठी त्या हिवाळ्याचा तपशील सांगतो, घरी जाऊन फोन करा.

रात्रीचं तापमान दहा अंशांच्या जवळ आलं की झाड आत. हिमाची वाट बघायची नाही. आपल्या पंचांगाने सांगायचं तर नवरात्रात आत. आत आणण्याआधी अंगणात पाइपने पानं खालून-वरून धुवायची, कारण बाहेरचे पाहुणे आत आले की हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी आणि खवले कीड यांचं राज्य होतं. खोडावर तपकिरी पुटकुळ्या दिसल्या तर सौम्य साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून पुसायच्या. मी हे काम दर रविवारी करत होतो, टी.व्ही. बघत. जागा दक्षिणेच्या खिडकीची, हीटरच्या जाळीपासून लांब. खत होळीपर्यंत बंद. पानं गळाली तर गळू द्यायची. फोडणीला पानं हवीत म्हणून सप्टेंबरातच काढून फ्रीजरमध्ये ठेवायची, वास थोडा जातो, चालतं. आणि बाहेर काढायची घाई नको. अक्षय तृतीया झाली की आपल्याला वाटतं आला उन्हाळा, पण तिकडे मे महिन्याच्या मध्यापर्यंत एखादी रात्र दगा देते. काढल्यावर पहिले आठ दिवस सावलीत. इतके महिने खिडकीत बसलेल्या झाडाला एकदम ऊन दाखवलं तर पानं पांढरी फट्ट पडतात.

चाफ्याचं तर आणखी गमतीचं. देवचाफा, मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण भागातला, आपल्याकडे इतका रुळला की देवळाशिवाय त्याची कल्पना करता येत नाही. तिकडे एडिसनला मुलीच्या ओळखीचे एक जण तो ऑक्टोबरात कुंडीतून उपटतात, मुळांची माती झटकतात आणि तळघरात कोपऱ्यात काठीसारखा उभा करून ठेवतात. सहा महिने पाण्याचा थेंब नाही. मे महिन्यात परत लावतात, आणि फुलतो! मी डोळ्यांनी पाहिला म्हणून सांगतो, नाहीतर माझा विश्वास बसला नसता.

तुळशीची अडचण मात्र वेगळी. ती या मार्गाने जगत नाही. हिमाच्या पहिल्या रात्रीत काळी पडते, आणि आत ठेवली तरी जानेवारीपर्यंत काड्या. पण तुळशीचं लग्न तर नोव्हेंबरात! म्हणजे नवरी लग्नापर्यंत तरी टिकली पाहिजे. म्हणून ती सप्टेंबरअखेरच आत घ्यायची, मंजिऱ्या सुकल्या की बी काढून कागदाच्या पुडीत ठेवायचं आणि मार्चमध्ये खिडकीत पेरायचं. आमच्या नातीकडे हे खातं आहे. पुडीवर ती वर्ष घालते.

आता स्वारगेट. पुढच्या आठवड्यात, 26 जानेवारीच्या आसपास, एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं. तुम्ही सगळे जाणार आणि हातात दोन-दोन कुंड्या घेऊन येणार. जा, जरूर जा. पण अँथुरियम, कॅलेडियम, मोठ्या पानांचे नाजूक प्रकार आत्ता घेऊ नका. ती झाडं नर्सरीत शेडनेटखाली दमट हवेत वाढलेली असतात, आपल्या बाल्कनीतल्या कोरड्या वाऱ्यात आणि पहाटेच्या गारठ्यात महिनाभर कुढतात आणि मग आपण म्हणतो आपला हात चांगला नाही. होळीनंतर सोलापूर रस्त्याच्या नर्सऱ्यांत जा, हीच झाडं तिथे असतात.

ज्यांच्याकडे अडेनियम आहे त्यांनी आत्ता त्याची पानं गळतायत म्हणून पाणी वाढवू नये. कमी करा, तीन आठवड्यांतून एकदा पुरे. बुंधा दाबून बघा, टणक असेल तर निर्धास्त राहा, मऊ लागला तर मात्र उपटून कुजका भाग कापावा लागेल. कॅलेडियमची कुंडी कठड्याच्या आत आडवी करून ठेवा म्हणजे चुकूनही कुणी पाणी घालणार नाही. आणि त्यावर खडूने लिहा, "आत कंद आहे." आमच्या सहा कुंड्यांवर आता तसं लिहिलेलं आहे, हवं तर जाताना बघा, तिकडे टाकीच्या बाजूला. अँथुरियम झोपत नाही, त्याला थोडं पाणी लागतं, पण ते सकाळी नऊनंतर, संध्याकाळी नाही. रात्रभर गार चिखलात पाय ठेवून कुणालाच झोप लागत नाही.

आणि ज्या कुंड्यांना आत्ता पाणी कमी घालायचं आहे, त्यांची गळतीही कमी होते, हे मी कमिटीच्या नजरेस आणून देतो. विषय मुद्दाम काढलेला नाही.

काल रात्री एडिसनला फोन झाला. तिकडे बर्फ पडणार असा अंदाज आहे. नातीने, आता तेरा वर्षांची आहे, फोन झाडाकडे फिरवला. पानं किती राहिलीत विचारलं, तर म्हणाली, "अकरा. आजोबा, मी रोज मोजते, पण हात लावत नाही." पाणी कधी घातलं होतं? "दहा तारखेला. गुरुवारी कुंडी उचलून बघणार आहे."